महाधमनीचं दुसरं ऑपरेशन: निकाल कशावर ठरतो आणि तयारी कशी करायची

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीवर एकदा ऑपरेशन झालेलं असतं. काही महिन्यांनी किंवा पंधरा वर्षांनी डॉक्टर सांगतात की पुन्हा छाती उघडावी लागेल. रुग्णालयात याला सगळे 'रीडू' म्हणतात. घरच्यांना सगळ्यात आधी हेच विचारायचं असतं, की माणूस सुखरूप घरी येईल ना. प्रत्येकाला लागू पडेल अशी एक टक्केवारी सांगता येत नाही. धोका कशाने वाढतो आणि कशाने उतरतो, हे मात्र नेमकं सांगता येतं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी पेशंट टेबलावर जाण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतात आणि त्यांतल्या काही घरच्यांच्या हातात असतात. हे मार्गदर्शन त्यासाठीच आहे.

आधी कारण पक्कं करा

'पुन्हा ऑपरेशन' या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे आजार येतात आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा असतो.

पहिल्या वेळी प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेला, म्हणजे टिश्यू व्हॉल्व्ह बसवला असेल तर तो साधारण १० ते १५ वर्षांत झिजतो आणि तरुणांमध्ये त्याहून लवकर. व्हॉल्व्ह झिजला, बाकी सगळं ठीक आहे आणि पेशंट चालता-फिरता आहे, असं असेल तर रीडूच्या मानाने हा बरा गट. काही जणांना छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून जुन्या व्हॉल्व्हच्या आत नवा बसवता येतो. हा पर्याय चालेल का, हे जुन्या व्हॉल्व्हचा नंबर आणि कॉरोनरी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्यांची तोंडं किती उंचीवर आहेत यावर ठरतं. जंतुसंसर्ग असेल तर तो चालत नाही.

दुसरा मोठा गट डिसेक्शनचा. महाधमनीची आतली भिंत अचानक फाटते तेव्हा मध्यरात्री इमर्जन्सीत ऑपरेशन होतं आणि बहुतेक वेळा फक्त वर चढणारा भाग बदलून जीव वाचवला जातो. कमानीत, म्हणजे महाधमनी वळते त्या भागात, आणि पाठीमागे उतरणाऱ्या भागात फाटलेली भिंत तशीच राहते. फाटलेल्या थरांमधल्या खोट्या पोकळीत रक्त वाहत राहतं आणि वर्षांनुवर्षांत तो भाग फुगतो. यात पहिल्या सर्जनची चूक नसते. त्या रात्री तेवढंच करणं शहाणपणाचं असतं. पुढची अनेक वर्षं सी.टी. न करणं ही मात्र खरी चूक ठरते.

तिसरं कारण म्हणजे टाक्यांच्या जागी, बहुतेकदा कॉरोनरी जोडलेल्या ठिकाणी, बाहेर आलेला खोटा फुगा. चौथं, मारफान किंवा लोईस-डिट्झसारखा जनुकीय आजार, ज्यात शिल्लक राहिलेला भाग फुगत जातो. टायरोन डेव्हिड पद्धतीने स्वतःचा व्हॉल्व्ह वाचवला असेल तर तो पुढे गळू लागणं, किंवा रॉस ऑपरेशनमध्ये महाधमनीच्या व्हॉल्व्हच्या जागी बसवलेली स्वतःचीच फुफ्फुसाच्या धमनीची झडप ताणली जाणं, हीसुद्धा कारणं आहेत.

सगळ्यात अवघड गट संसर्गाचा. ग्राफ्टला, म्हणजे महाधमनीच्या जागी बसवलेल्या कृत्रिम नळीला, किंवा व्हॉल्व्हला जंतू लागले, महाधमनीच्या मुळाशी पू झाला, तर सगळं कृत्रिम साहित्य काढून, कुजलेला भाग खरवडून नवं बसवावं लागतं. इथे मृत्यूचा धोका नियोजित रीडूच्या दुप्पट-तिप्पट होतो.

आकडे कसे वाचायचे

महाधमनीच्या मुळाचं, म्हणजे हृदयाला लागून असलेल्या भागाचं, पहिलं, नियोजित ऑपरेशन अनुभवी केंद्रात झालं तर मृत्यूचा धोका साधारण १ ते ३ टक्के असतो. तेच दुसऱ्यांदा, ठरवून आणि अनुभवी हातांत केलं तर ढोबळमानाने ५ ते १२ टक्के. संसर्ग किंवा फाटलेली महाधमनी असताना धावपळीत केलं तर २० टक्के आणि काही वेळा त्याहून वर. ही सगळी जुन्या-नव्या केंद्रांच्या अनुभवातून आलेली स्थूल पट्टी आहे, तुमच्या पेशंटचा आकडा नव्हे.

तुमच्या पेशंटचा आकडा काढायला 'युरोस्कोर टू' हे गणित वापरतात. आधीचं हृदयाचं ऑपरेशन, छातीतल्या महाधमनीवरचं काम, चालू संसर्ग, किडनीची क्षमता, हृदयाची पंपिंग शक्ती, फुफ्फुसाचा जुना आजार, इन्सुलिनवरचा मधुमेह, ऑपरेशन किती तातडीचं आहे, हे सगळं त्यात धरलेलं असतं. सर्जनला ते समोर बसून काढायला सांगा आणि मग विचारा: "यात न धरलेली कोणती गोष्ट आमच्या पेशंटमध्ये आहे?" कारण हाडामागे ग्राफ्ट चिकटलाय की नाही हे त्या गणिताला माहीत नसतं आणि रीडूमध्ये बहुधा तिथेच खेळ फिरतो.

मृत्यूइतकंच बाकीचंही विचारा. पक्षाघात, काही काळ डायलिसिस, पेसमेकर, रक्तस्रावासाठी पुन्हा ओ.टी.त नेणं, या चारांचे वेगवेगळे आकडे मागा. आणि त्या टीमने गेल्या वर्षी महाधमनीचे रीडू किती केले, हेही स्पष्ट विचारा. बायपास हजारांनी करणारं केंद्र महाधमनीच्या रीडूतही तरबेज असेलच असं नाही. या प्रश्नाने चांगला सर्जन रागावत नाही.

वेळेचाही विचार हवा. महाधमनीचं मूळ किंवा चढता भाग ५.५ सेंटीमीटरला पोचला की ऑपरेशनचा विचार ठरलेला असतो. मारफानमध्ये ५.० ला, आणि एका वर्षात ०.५ सेंटीमीटरने वाढ झाली तरी. रीडूचा धोका जास्त असल्यामुळे काही सर्जन थोडं थांबतात आणि कधीकधी ते बरोबरही असतं. पण "त्रास होत नाही, मग बघू" या कारणाने थांबू नका. फुगलेली महाधमनी फाटेपर्यंत बहुधा काही बोलतच नाही आणि फाटल्यावरचं रीडू हे सगळ्यात वाईट रीडू.

जुने कागद: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तयारी

डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा "बेंटॉल प्रोसिजर डन" (म्हणजे व्हॉल्व्ह आणि महाधमनीचं मूळ बदललं) एवढी एक ओळ असते. ती पुरत नाही. जिथे पहिलं ऑपरेशन झालं तिथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या आणि ऑपरेशन नोट्सची पूर्ण प्रत मागा. पेशंटचं ओळखपत्र, जुना आय.पी. नंबर आणि नातं दाखवणारा कागद सोबत ठेवा. जुन्या नोंदी गोदामात असतात, म्हणून हे काम ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच सुरू करा.

नोट्समध्ये सर्जन या गोष्टी शोधतो: ग्राफ्ट किती मिलिमीटरचा, व्हॉल्व्ह कोणत्या कंपनीचा आणि नंबर किती, कॉरोनरी कशा जोडल्या, बायपासचा ग्राफ्ट आहे का, रक्त आत सोडायची नळी कुठे घातली होती, सर्जिकल गोंद वापरला होता का, हृदयावरचं आवरण बंद केलं होतं का. व्हॉल्व्हसोबत मिळालेलं छोटं कार्ड पाकिटात किंवा देवघराच्या खणात कुठेतरी असतं, ते शोधून काढा. श्रीचित्रा संस्थेने विकसित केलेला टीटीके-चित्रा असो की परदेशी बनावटीचा, मॉडेल आणि नंबर नेमका कळला की नवा व्हॉल्व्ह निवडणं सोपं जातं.

तपासण्या: कोणती कशासाठी

मुख्य तपासणी म्हणजे ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून केलेला, मानेपासून जांघेपर्यंतचा सी.टी. अँजिओ. ठोक्याशी जुळवलेला नसेल तर महाधमनीचं मूळ हलल्यामुळे चित्र पुसट येतं आणि माप चुकतं. जांघेपर्यंत हवा, कारण ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या तिथून किंवा काखेतून घालायच्या असतात आणि त्या वाटा मोकळ्या आहेत का ते आधी कळायला हवं.

रेडिओलॉजिस्टकडून आडव्या नाही तर बाजूच्या छेदात एक माप मागून घ्या: छातीच्या मधल्या हाडाची मागची बाजू आणि ग्राफ्ट, फुगा किंवा उजवा कप्पा यांच्यात किती अंतर आहे. १ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर सर्जन सावध होतात. ग्राफ्ट हाडाला टेकलेलाच दिसला तर योजना पूर्ण बदलते.

कॉरोनरी अँजिओग्राफी, छातीतल्या जुन्या बायपासच्या धमनीचा मार्ग, अन्ननलिकेतून केलेला इको, मानेच्या धमन्यांचा डॉप्लर, क्रिएटिनीन, फुफ्फुसाची क्षमता हे नेहमीचंच. दातांची तपासणी मात्र लोक विसरतात. किडलेला दात ऑपरेशनआधीच काढून किंवा भरून घ्या.

संसर्गाची शंका असेल तर एका गोष्टीवर आम्ही हात जोडून भर देतो. कृत्रिम व्हॉल्व्ह किंवा ग्राफ्ट असलेल्या माणसाला ताप आला की आपल्याकडे आधी मलेरिया, डेंगी, टायफॉइडचा विचार होतो आणि अँटिबायोटिक सुरू होतं. एक-दोन डोसांतच रक्तातले जंतू कल्चरमध्ये उगवेनासे होतात, आतला आजार मात्र चालूच राहतो. म्हणून पहिला डोस देण्याआधी वेगवेगळ्या शिरांतून तीन ब्लड कल्चर घ्यायला सांगा. पेट-सी.टी.ची गरज पडू शकते, पण पहिल्या ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत जखम भरतानाची सूजही त्यात उजळते, म्हणून तेव्हा त्याचा अर्थ जपून लावतात.

घरी करायची तयारी

औषधं कधी थांबवायची हे लेखी घ्या. साधारणपणे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी वॉर्फरिन ५ दिवस आधी आणि ॲसिट्रॉम ३ दिवस आधी बंद करतात, कारण ॲसिट्रॉमचा असर लवकर उतरतो. यांत्रिक व्हॉल्व्ह असेल तर मधल्या काळात हेपरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, द्यावं लागतं. ते स्वतः ठरवू नका आणि गोळी अचानक बंदही करू नका, व्हॉल्व्ह गुठळीने जाम होऊ शकतो. क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी थांबवतात. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ३ ते ४ दिवस आधी बंद व्हायला हवी. नाहीतर साखर नॉर्मल दिसत असूनही रक्तात आम्ल साठतं.

हिमोग्लोबिन कमी असेल तर नियोजित ऑपरेशनआधी शिरेतून लोह देऊन ते वाढवता येतं. तंबाखू आणि सिगारेट किमान चार आठवडे आधी सोडली तर व्हेंटिलेटर लवकर निघतो. सकाळ-संध्याकाळ तीन छोट्या चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं यंत्र) ओढायची सवय घरीच करा, नंतर दुखत असताना नव्याने शिकणं कठीण जातं.

रक्ताची तजवीज हा घरच्यांचा मोठा भाग. रीडूमध्ये पहिल्या वेळेपेक्षा बरंच जास्त रक्त लागू शकतं. ब्लड बँकेत किती पीसीव्ही (लाल पेशी), एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) आणि प्लेटलेट लागतील याचा लेखी आकडा घ्या. पीसीव्ही महिनाभराहून जास्त टिकतं, एफएफपी गोठवून ठेवतात, पण प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. म्हणून एका दात्याकडून मशीनवर काढायच्या प्लेटलेटसाठी दोन-तीन धडधाकट माणसं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी मोकळी हवीत. त्यांनी आधीचे काही दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी.

पैशांचं बोलायचं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. हे ऑपरेशन योजनेत बसतं का आणि त्या रुग्णालयात होतं का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीला, भेटून आधीच विचारा. इमर्जन्सी आली की मंजुरीचे कागद फिरवायला वेळ उरत नाही.

ओ.टी.त काय होतं आणि कुठे बिघडतं

पहिल्या ऑपरेशननंतर हृदय, ग्राफ्ट आणि हाड यांच्यामध्ये दोऱ्यासारख्या, कधी चामड्यासारख्या चिकटलेल्या पट्ट्या तयार होतात. सर्जन जुन्या तारा कापतो, पण लगेच ओढून काढत नाही. त्या हाडाच्या मागे आडव्या राहतात आणि करवत त्यांना अडली की खोल जात नाही. हाडाचा पुढचा पत्रा आधी, मागचा पत्रा मग, असं थरांनी, हलणाऱ्या पात्याच्या करवतीने उघडतात. हृदयाला विजेचा धक्का द्यायचे चिकट पॅड आधीच छाती-पाठीला लावलेले असतात, कारण आतले पॅडल लावायला अजून जागाच नसते.

ग्राफ्ट हाडाला चिकटलेला असेल तर हाड कापण्याआधीच काखेतल्या धमनीला ८ मिलिमीटरची कृत्रिम नळी शिवून आणि जांघेतल्या शिरेत नळी घालून पेशंटला हार्ट-लंग मशीनवर घेतात. करवतीने काही फाटलंच तर रक्ताभिसरण चालू राहतं. यालाही किंमत आहे. हेपरिन लवकर द्यावं लागतं, म्हणून चिकटलेला भाग सोडवताना रक्त जास्त जातं. शिवाय थंड करताना हृदय थरथरू लागलं आणि व्हॉल्व्ह गळका असेल, तर डावा कप्पा फुग्यासारखा ताणला जातो. म्हणून अशा पेशंटमध्ये डाव्या बाजूच्या छोट्या छेदातून तो कप्पा रिकामा करायची सोय आधी करतात.

कमानीवर काम असेल तर शरीर २४ ते २८ अंशांपर्यंत थंड करून बाकीचं अभिसरण थांबवतात आणि मेंदूला मात्र वेगळ्या नळीने रक्त देत राहतात, साधारण दर किलो वजनाला मिनिटाला १० मिली. कपाळावरच्या दोन पट्ट्या डाव्या-उजव्या मेंदूतला ऑक्सिजन दाखवतात. एका बाजूचा आकडा घसरला तर त्या बाजूच्या धमनीत वेगळी नळी घालतात.

महाधमनीच्या मुळाच्या रीडूत खरी परीक्षा कॉरोनरीची. ह्यू बेंटॉल आणि ॲंटनी डी बोनो यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आज कॉरोनरींची तोंडं नाण्याएवढ्या गोल तुकड्यासकट, म्हणजे 'बटण' करून सोडवतात आणि नव्या ग्राफ्टला शिवतात. दुसऱ्यांदा ती बटणं व्रणात रुतलेली असतात. ओढून जोडलं तर टाका फाटतो, वळलं तर रक्त अडतं. उजवी कॉरोनरी जरा जरी मुडपली, तर मशीन सोडताना उजवा कप्पा दुबळा पडतो आणि दाब टिकत नाही. बटण येतच नसेल तर मध्ये कृत्रिम नळीचा छोटा तुकडा घालतात किंवा पायाच्या शिरेने बायपास करतात. म्हणूनच पायही आधीपासून स्वच्छ करून तयार ठेवलेला असतो. "बायपास सांगितला नव्हता, मग केला कसा?" असा प्रश्न नंतर पडू नये, म्हणून संमतीपत्रात ही शक्यता लिहून घ्यायला सांगा.

शेवटी रक्तस्राव. तासन्‌तास मशीनवर राहिल्याने रक्त गोठण्याची ताकद संपते. गोठण्याचा आलेख काढणाऱ्या चाचणीवरून नेमकं काय कमी आहे ते बघून ते देणं, हे अंदाजाने पिशव्या चढवण्यापेक्षा चांगलं. कधीकधी हाड २४ ते ४८ तास उघडं ठेवून वर फक्त निर्जंतुक पडदा लावतात. आयसीयूत असं दिसलं तर घाबरू नका, सुजलेल्या हृदयावर दाब येऊ नये म्हणून ते केलेलं असतं.

आयसीयूतले पहिले दिवस

ड्रेनच्या बाटलीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. सलग दोन-तीन तास ताशी २०० मिलीच्या वर रक्त येत राहिलं तर पुन्हा उघडण्याचा विचार होतो. पण वाहणारा ड्रेन अचानक कोरडा पडला आणि दाब उतरू लागला, तर ती सुधारणा समजू नये. गुठळीने नळी बंद होऊन रक्त हृदयाभोवती साठत असू शकतं आणि तिथे मिनिटांचा प्रश्न असतो.

ठोके अनियमित होणं फार सामान्य आहे आणि औषधांनी बहुधा आटोक्यात येतं. मुळाशी खरवडावं लागलं असेल तर हृदयाची वायरिंग दुखावते आणि कायमचा पेसमेकर लागू शकतो. संसर्गाच्या पेशंटला शिरेतून अँटिबायोटिक साधारण ६ आठवडे चालतं. ताप गेला म्हणून दोन आठवड्यांत घरी न्यायचा हट्ट धरू नका, अर्धवट मारलेले जंतू नव्या ग्राफ्टवर बसतात.

घरी आल्यावर

तीन महिने ३ ते ४ किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली कळशी, गव्हाचं पीठ, नातवंड, काहीच नाही. दुचाकीही नाही, मागच्या सीटवरसुद्धा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. शौचाला कुंथू नका, इसबगोल सुरू ठेवा आणि शक्य असेल तर कमोड वापरा. कुंथताना रक्तदाब झपकन चढतो.

रक्तदाब १३० बाय ८० च्या खाली हवा. शिल्लक डिसेक्शन असेल तर डॉक्टर बहुधा वरचा आकडा १२० च्या आसपास ठेवायला सांगतात. घरी मशीन ठेवा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री मोजून वहीत लिहा. बीटा-ब्लॉकर अचानक बंद केला तर दाब उसळून येतो.

महाधमनीच्या व्हॉल्व्हच्या जागी यांत्रिक व्हॉल्व्ह असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात. मेथी, पालक, शेपू, अळू बंद करायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण तेवढंच खा. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी काही नाही, असं केलं की आयएनआर वर-खाली होतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन नको. 'नव्या पिढीची, टेस्ट न लागणारी' रक्त पातळ करणारी गोळी यांत्रिक व्हॉल्व्हला चालत नाही, कोणी बदलून दिली तरी घेऊ नका.

जुलाब किंवा लघवीच्या जळजळीसाठी मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन या कुळातल्या गोळ्या महाधमनीचा आजार असलेल्यांनी शक्यतो टाळाव्यात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यांच्याबद्दल महाधमनी फाटण्याचा इशारा दिला आहे. दाताचं रक्त येणारं काम असेल तर आधी ३० ते ६० मिनिटं ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम.

सी.टी. पहिल्या महिन्यात, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. दर वेळी जुनी सी.डी. सोबत न्या, माप त्याच जागी घेतलं तरच वाढ कळते. जनुकीय आजार किंवा जन्मतः दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह असेल तर आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचा टू-डी इको करून घ्या.

छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ, एका बाजूचा हात-पाय किंवा बोलणं जाणं, ३८ अंशांच्या वरचा ताप, जखमेतून स्राव किंवा हाडात 'टक' असा आवाज, यातलं काहीही झालं तर वाट बघू नका. ऑपरेशनच्या कागदांची फाईल आणि व्हॉल्व्हचं कार्ड घेऊन, जिथे हृदयाचं ऑपरेशन होतं अशा रुग्णालयात थेट जा.